सायकलवरून परत

आप्पा दाराच्या रंगाबद्दल बोलत होते. त्यावरून रंगारी इस्माईल निघाला, इस्माईलवरून त्याची सायकल आणि सायकलवरून आई.

नलिनीने निवडायची भाजी खाली ठेवली. "आप्पा, सायकलचं काय झालं मग?"

पक्षाघातानंतर वडिलांना वाचा देणारी चिप 'बेसिक' या जुन्या संगणकभाषेवर चालायची. तिच्या कंपायलरमधला, म्हणजे ती भाषा यंत्राला समजावणाऱ्या भागातला, दोष अशी चिप असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक होता. एका गोष्टीतून दुसरीत शिरलेला माणूस मागे फिरला नाही, तर चिप भरत जाते आणि कायमची बंद पडते. दुरुस्त करणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. उपाय एकच, माणसाला आल्या वाटेने, एकेक गोष्ट पुरी करत परत आणायचं.

"इस्माईलला सायकल परत दिलीत ना?" तिने पुन्हा विचारलं. आप्पांच्या कानामागचा चिपचा दिवा लाल झाला होता, ती भरत आली होती.

"देईन गं. आत्ता कुठे तुझी आई मागे बसलीय."

"आप्पा, आधी सायकल देऊन या ना," ती काकुळतीला आली.

"घट्ट धर म्हटलं तिला. पुढे उतार..."

दिवा विझला. आप्पांचे ओठ हलत राहिले. खुर्चीखाली त्यांचा चांगला पाय सावकाश पायडल मारत होता.