समोरची गाडी

प्रचाराचा शेवटचा दिवस. ओसाकाच्या गल्लीबोळांतून महापौरपदाचे उमेदवार हातानो यांची गाडी हिंडत होती आणि भोंग्यावर चिझुकोबाई त्यांच्या नावाचा गजर करत होत्या. बाजारातल्या वळणावर पुन्हा विरोधी उमेदवार कुबोकी यांची गाडी समोर आली. तिच्या भोंग्यावर चिझुकोबाईंची लेक, मिओ. मिओनं घर सोडलं तेव्हापासून दोघींचा अबोला होता. पण गाड्या समोरासमोर आल्या की एकमेकांच्या उमेदवाराला शुभेच्छा द्यायच्या, हा रिवाज काही मोडता येत नव्हता.

“हातानोसाहेबांना यश लाभो!” मिओचा आवाज पार बसला होता.

“कुबोकीसाहेबांना यश लाभो!” चिझुकोबाई म्हणाल्या आणि मग त्यांना राहवेना. “आणि त्यांच्या गाडीतल्या पोरीनं मधात मुरवलेल्या मुळ्याचं पाणी प्यावं. घशाची वाट लावून घेतलीये नुसती!”

सगळा बाजार हसला. समोरचा भोंगा खरखरला.

“आई, तू आधी खिडकी लाव. वारं लागेल.”

गाड्या पांगल्या. हातानो वैतागले, “दिवसभर हीच गाडी कशी आडवी येतेय?”

चिझुकोबाईंनी मान खाली घातली. “माफ करा साहेब, वळणं मीच सांगत होते.”

ड्रायव्हर आरशात बघून हसला. “ते सकाळी, बाई. दुपारपासून तीच गाडी आपल्याला शोधत येतेय.”