पाचवा कागद

मास्तरणीने कुंडी परातीत उलटी केली आणि दोन पावलं मागे सरकली. "काकू, आता तुम्ही."

आईने बाह्या वर सारल्या. आठ तास कोळंबी सोलून ती कारखान्यातून सरळ मागच्या शेडमध्ये आली होती. हात दोनदा साबणाने धुतले होते, तरी वास जात नव्हता. तो बावीस वर्षांत गेला नव्हता, आज कुठे जाणार?

मास्तरीण काही खरी मास्तरीण नव्हे. याच शेडमध्ये आईच्या मुलाबरोबर काम करणारी, शिंक आली तरी वहीत नोंद करणारी मुलगी. नाव त्यानेच पाडलेलं. कारखान्यामागे कोळंबीच्या टरफलांचे ढीग कुजत पडायचे, त्यांतून हे दोघं कागद काढायचे. पातळ, पिवळसर, आरपार दिसणारा. प्लास्टिकऐवजी त्यात मासळी बांधायची आणि काम झालं की मातीत टाकून विसरून जायचं. आईने दिवसभर सोलून फेकलेली टरफलं मुलगा मागच्या दाराने उचलून न्यायचा. "घरी मी टाकतो आणि तू उचलतेस," तो म्हणायचा, "इथे फिटंफाट."

दोन महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापाने तो गेला.

त्याच्या शेवटच्या घाण्याचे पाच कागद निघाले होते. चार ओढून, फाडून, भिजवून तपासण्यात संपले. पाचवा त्याने आईला दाखवायला घरी नेला होता. त्याच्या कोपऱ्यात अंगठा उमटला होता. कागद वाळला का, हे तो अंगठा दाबून बघायचा आणि दर वेळी मास्तरणीची बोलणी खायचा. आई मात्र तो ठसा बघून हसली होती. सोलून सोलून तिच्या बोटांच्या रेघाच पुसल्या होत्या. हजेरीचं यंत्र तिला रोज अनोळखी ठरवायचं. "माझा अंगठा घेऊन जा," तो म्हणाला होता.

तो गेल्यावर आईने कागद कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवला. कामावर निघताना ती रोज तो काढायची आणि ठशावर आपला अंगठा ठेवायची. मग एक दिवस मास्तरीण घरी आली. कागद मातीत पूर्ण विरतो का, ही तपासणी राहिली होती, आणि सगळ्या तपासण्या एकाच घाण्यावर व्हायला हव्या होत्या.

"नवा घाणा मी काढू शकते, काकू. पण मग कामावर माझं नाव लागेल. त्याचं नाही."

आईने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तिने कागद आणला आणि कुंडीत स्वतःच्या हातांनी पुरला. त्यानंतर पंचेचाळीस दिवस ती कामावर जाताना कुंडीला पाणी घालून जायची. माती ओली राहायला हवी, असं मास्तरणीने सांगितलं होतं.

"कणभर जरी सापडला तरी नापास," मास्तरीण आता म्हणाली. "चाळणीतून एखादा निसटेल. तुमच्या बोटांतून नाही निसटायचा."

ते खरंच होतं. सोललेल्या कोळंबीत टरफलाची कणी राहिली, तर ती आईच्या बोटांना लागायचीच. मुकादम शेवटची परात तिच्यापुढेच सरकवायचा.

आईने डोळे मिटले. मूठभर माती घ्यायची, बोटांनी चुरायची, बाजूला ठेवायची. मास्तरीण पेन धरून उभी होती. अर्धी परात झाली. काही नाही. पाऊण झाली. आईचे हात हळूहळू मंद होत गेले.

शेवटच्या मुठीत तिचं बोट थांबलं.

पातळ. कडक. तांदळाच्या कणीएवढं.

आईचा चेहरा असा उजळला, की मास्तरणीला बघवेना. "सापडलं?" तिने विचारलं. तिचा आवाज पार खाली गेला होता.

आईने ती कणी पदराला पुसली, अंगठ्यावर घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरली. ती बराच वेळ तशीच उभी होती.

"त्याचं नाही गं," ती म्हणाली. "माझ्या नखातलं आहे. आजच्या कोळंबीचं टरफल."

मास्तरणीने हात पुढे केला आणि स्वतः बघितलं. मग ती स्टुलावर बसली, एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "म्हणजे काहीच उरलं नाही. काकू, पास झाला तो! त्याचंच नाव लागणार आता!"

"हो," आई म्हणाली. परातीशी परत येऊन तिने हात पुन्हा मातीत घातले. तपासलेलीच माती ती पुन्हा चुरायला लागली.

"काकू, झालं की आता."

"शाळेत असल्यापासून मी त्याच्या मागे लागायचे," आई म्हणाली. "बाबा रे, पास हो, बाबा रे, पास हो. एकदा म्हणून ऐकलं नाही मेल्याने."

तो शब्द तोंडातून गेला आणि तिचे हात थांबले.

"आजच कशाला ऐकलं गं त्याने?" ती म्हणाली. "कणभर तरी नापास व्हायचं होतं."