सासूबाईंना पटलेली बॅग

"ही मऊ आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेच्या पोटात कोपर खुपसलं. "वरून कुणी पाय दिला तर?"

"मावशी, विमानात वरून पाय कोण देणार?" दुकानदार हसला.

"देणारे देतात."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. मनातल्या मनात, अर्थात. सासू समोर असताना खराखुरा हात मारायची सोय नसते. हे तिसरं दुकान होतं. उद्या पहाटे विमान, घरी बर्फावरून घसरायचा स्नोबोर्ड भिंतीला टेकून तयार, आणि तो घालायला बॅग नाही, अशी सगळी चित्तरकथा!

बॅग खरं तर आली होती. नवऱ्याने आठवड्यापूर्वीच मागवली होती. हलकी, कापडी, खांद्याला अडकवता येणारी. सून जिममध्ये गेलेली असताना ती दारात आली आणि सासूबाईंनी ती दारातूनच परत पाठवली. का, तर म्हणे पटली नाही. ज्या बाईने उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो फ्रिजमधला, तिला स्नोबोर्डची बॅग पटली नाही!

गेल्या वर्षीचं सून अजून विसरली नव्हती. सुट्ट्या साठवून, डोंगरात जाऊन, पडतधडपडत ती हा खेळ शिकली. संघाच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचली. तिथे सकाळी बॅग उघडली, तर बोर्ड मधोमध मोडलेला. उसन्या बोर्डवर ती कशीबशी उतरली आणि शेवटून दुसरी आली.

विमान कंपनीने हात झटकले. बॅगेवर साधा ओरखडा नाही, मग आमचा दोष कसा, असं वर तोंड करून विचारलं. नवरा तिच्यासाठी तावातावाने भांडला. बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने टॉवेलात गुंडाळून तो बोर्ड भरला होता, त्याला ते फारच लागलं. आता त्याच चाचणीच्या वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा बोर्ड मोडला तर सगळंच संपलं.

तिचा फोन वाजला. नवराच होता.

"मिळाली का गं?"

"कसली मिळतेय! आईंना एक पसंत पडेल तर शपथ," ती कोपऱ्यात जाऊन कुजबुजली.

"तू मनावर नको घेऊस. तू गेलेली तिला नकोय, दुसरं काही नाही. एखादी हलकीशी घे आणि ये. भरायचं मी बघतो. तू लवकर झोप."

तिला एकदम भरून आलं. असा समजूतदार मुलगा या बाईच्या पोटी आला कसा, देव जाणे.

ती परत आली तेव्हा सासूबाई नव्या मुद्द्यावर पोहोचल्या होत्या. "कुलपाची नाही का रे एखादी? टणक, पेटीसारखी?"

दुकानदाराने माळ्यावरून एक भलं मोठं काळं धूड उतरवलं. सासूबाईंनी त्यावर दोनदा थापटलं, कडी ओढून पाहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांची मान हलली.

"आई, ही रिकामीच केवढी जड आहे! जास्तीच्या वजनाचे पैसे लावतील."

"लावू देत."

दुकानदार प्रामाणिक निघाला. "मावशी, असलं कुलूप विमानतळावर लावून ठेवता येत नाही बरं का. तपासायला बॅग उघडायला लावतात."

"तिथे उघडेल की ती. मला तिथवर टिकलं म्हणजे झालं."

दुकानदाराने सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे पाहिलं. घरापासून विमानतळापर्यंत गाडी तिचीच, गाडीत बसणार ती, आणि यांना भीती कसली? म्हातारपणी माणूस हेकट होतं हे तिने ऐकलं होतं, पण याला काही धरबंद!

"आई, स्पष्टच विचारते," शेवटी तिच्या तोंडून गेलंच. "मी जाऊ नये असंच वाटतं ना तुम्हाला?"

सासूबाईंनी पर्स उघडली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "किल्ल्या दोन असतील ना? दोन्ही माझ्या हातात दे."

गाडीत ते धूड आडवं मावेना. शेवटी मागची सीट पाडून, दोघींच्या मधून पुढे काढलं, तेव्हा कुठे दार लागलं. परतीच्या वाटेवर सुनेने बिचाऱ्या गिअरवर सगळा राग काढला.

इमारतीखाली गाडी थांबली. वर गॅलरीत नवरा वाटच बघत होता. त्याने हात केला.

"थांबा, थांबा! उचलू नका, मी आलो!"

सुनेने दार उघडायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो मनगटाशी धरला, दोन्ही किल्ल्या तिच्या तळव्यावर ठेवल्या आणि तिची मूठ मिटली. 

"बोर्ड तूच भर. माझ्यासमोर भर. आणि या किल्ल्या उशाखाली घेऊन झोप."

"अहो आई, आता हे काय नवीन? घरात चोर येणार आहेत का?"

जिन्यावर पावलं वाजली. नवरा शिट्टी वाजवत उतरत होता. सासूबाईंची नजर तिकडेच होती.

"गेल्या वर्षी बोर्ड विमानात नाही गं मोडला," त्या म्हणाल्या. "त्याने गुंडाळला, तो मोडूनच गुंडाळला. मी दारात उभी होते. पोटचा पोर म्हणून वर्षभर गप्प बसले."