सालईचे दांडे

“बिजा जड पडते,” इतवारी म्हणाला. “सालई बरी. तोडाले सोपी, उचलाले हलकी.”

पोचूने कुऱ्हाड खाली टेकवली. समोर बिजाचं सरळ, मातबर झाड उभं होतं. पहिला घाव बसला होता तिथून तांबडा रस ओघळत होता. सूरजागडच्या डोंगराखाली मोह गळायला लागला होता आणि त्या गोड वासाने माणूस उभ्या उभ्या पेंगत होता. इंग्रज जाऊन आपलं राज्य आलं तरी साग सरकारचाच राहिला होता. कुंपणाच्या आडव्या दांड्यांसाठी उरायचे ते बिजा, ऐन आणि सालई. त्यांतली सालई वाळवीला फार आवडते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

इतवारीलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तर तो दरसाल सालई निवडायचा.

पोचू त्याच्या घरी लमझना होता, म्हणजे मुलीच्या बापाकडे राबून लग्नाचा हक्क मिळवणारा जावई. पोचूच्या बापाने आणि इतवारीने पंचांसमोर बोली केली होती: घरामागच्या वाडीचं मोडकं कुंपण पोचूने नवं करावं, ते एक पावसाळा टिकलं की चाकरी संपली, बुधरी त्याची. चाकरी अर्धी टाकून जाणाऱ्याला मात्र त्याच्या गावातही कोणी पंगतीला बसवत नसे.

सालईचे दांडे श्रावणात मऊ पडत. रानडुकरं मुसंडी मारून आत शिरत. इतवारी कपाळाला हात लावी, आणि मनातून त्याला हायसं वाटे. बायको गेल्यापासून त्या घरात बुधरीचाच काय तो आवाज होता. ती डोंगरापलीकडे नांदायला गेली की चूल कोण पेटवणार, आणि पेटली तरी कोणासाठी? म्हातारा लबाड खरा, पण ती लबाडी त्याला रोज आतून टोचत होती.

“मामा, औंदा बिजाच नेऊ ना जी,” पोचू हळूच म्हणाला. त्याची नजर डोंगरावरच्या पायवाटेकडे होती.

“नेऊ द्या ना, बाबा,” मोहफुलं वेचता वेचता बुधरी बोलली. “काऊन अडवून राह्यले त्याले?”

इतवारीने दोघांकडे पाहिलं. अलीकडे त्यांची कुजबुज वाढली होती. बाप दिसला की दोघंही गप्प व्हायची. त्या पिवळ्या उन्हात, त्या वासात इतवारीला क्षणभर आपली बायको दिसल्यासारखं झालं. तीही अशीच, बापाचं घर सोडायला उतावीळ झालेली. त्याला भडभडून आलं. आपल्या पोटच्या पोरीचं सुख आपणच वाळवीला चारतोय.

“तोड,” तो म्हणाला. “बिजाच तोड.”

मग तो स्वतःच पुढे झाला. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडं ठोकून त्याने आवाज ऐकला. भद्द वाजलं ते सोडलं, खणखणीत वाजलं ते घेतलं. पळसाच्या मुळांच्या दोरांनी दांडे खांबांना बांधताना त्याने एकही गाठ सैल ठेवली नाही.

पावसाळा आला आणि झोपेत सरावा तसा सरला. रानडुकरं आली, धडकली, परत गेली. दांडे जागचे हलले नाहीत. धान पिवळं पडायला लागलं तेव्हा एका धुकट सकाळी इतवारीने पोचूला आणि बुधरीला अंगणात बोलावलं.

“कुंपण टिकलं, पोचू. तुही चाकरी फिटली. पंचायले मी सांगतो. आता घेऊन जाय हिले. सुखात ठेव.”

पोचूने त्याचे पाय धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मग त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली, बुधरीकडे पाहून हसला आणि जवळजवळ पळतच डोंगराच्या वाटेला लागला. धुक्यात दिसेनासा झाला.

“अरे, हा एकटाच कुठी चालला?”

“सोमारीकडं,” बुधरी म्हणाली. “त्याच्या गावची हाय. पयल्या सालापासून त्याच्यासाठी थांबली हाय बिचारी. चाकरी सरल्याबिगर थो जाणार कसा?”

इतवारी तिच्याकडे वळला. “आन् तू?”

“मले तं कुठीच जाचं नव्हतं, बाबा. तुमी कधी इचारलंच नाई.”