समोरच्या खिडकीतली मुलगी

बाबांकडे तपासायला दिलेल्या प्रुफांचा गठ्ठा अकराव्या दिवशी टेबलावर परत आला, तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं. लाल पेन्सिल धरलेल्या बोटांनीच नाक चोळायची त्यांना जन्माची खोड. आईने सवयीने ओला रुमाल पुढे केला, त्यांनीही सवयीने नाक पुसलं.

लेकीचं लक्ष गठ्ठ्याकडे होतं. तीनशे बारा पानं, तिची पहिली कादंबरी. शनिवारी ती छापायला जायची होती, आणि बाबा नको म्हणाले तर मागे घ्यायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने बापाच्या होकारासाठी असं अडून बसावं, हे प्रकाशकाला काही पटत नव्हतं. पण त्याने बाबांना कुठे पाहिलं होतं?

बाबांनी उभा जन्म छापखान्यात काढला. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग चष्मा लागला तसे मुद्रितशोधक झाले. लेखकाच्या मजकुरात आपल्या पदरचा एक कानासुद्धा घालायचा नाही, हा त्यांचा धर्म. "आपण हमाल. ओझं पोचवायचं, गाठोडं सोडून बघायचं नाही," असं ते नव्या माणसांना सांगत. जुन्या थोर पुस्तकांवर नव्या कादंबऱ्या बेतणाऱ्यांना तर ते दारात उभं करत नसत. आयत्या बिळावरचे नागोबा, म्हणत.

आणि लेकीने नेमकं तेच केलं होतं.

जुनी कादंबरी बाबांच्याच छापखान्यात छापलेली, पन्नास वर्षांपूर्वी. लेखक हस्तलिखित देऊन गेले आणि महिन्याभरात वारले. छापलेलं पान काही त्यांच्या नजरेला पडलं नाही. पुढे ते पुस्तक घरोघरी गेलं, अभ्यासाला लागलं. त्यात नायक कायमचा गाव सोडतो. वाचणारा डोळे पुसायला लागतो, आणि मध्येच एक ओळ येते: 'समोरच्या खिडकीत केस विंचरणारी एक मुलगी स्वतःशीच हसली.' बस. त्या मुलीचा पुढे कुठे उल्लेख नाही. विद्वानांनी त्या हसण्यावर प्रबंध लिहिले. कुणी तिला नियती ठरवलं, कुणी मृत्यू. ती मुलगी कोण आणि का हसली, यावर लेकीने तीनशे बारा पानं लिहिली होती.

हा विषय तिने घरी पहिल्यांदा सांगितला, तेव्हा आईला चहाचा असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. बाबा मात्र पेपरात तोंड घालून बसले होते.

तिने आता पानं उलटायला घेतली. ऱ्हस्वदीर्घ, राहिलेले अनुस्वार, एका ठिकाणी सुटलेलं अवतरणचिन्ह. बाबांचं गोल, टपोरं अक्षर. बरंवाईट काहीच नाही. फक्त अर्पणपत्रिकेच्या पानावर एक भलंमोठं लाल प्रश्नचिन्ह होतं. तिथे तिने लिहिलं होतं: 'ती एक ओळ लिहिणाऱ्या हाताला.'

तिच्या लक्षात आलं. बाबा रुसले होते. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासणाऱ्या बापाला आपल्या लेकीच्या पुस्तकावर तरी आपलं नाव हवं असणार. आपल्याला कसं सुचलं नाही हे? तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, हे तुम्हाला अर्पण करायला हवं होतं का?"

"छे छे. मला नको." ते घाईने म्हणाले. "ते पान तेवढं काढून टाक. बाकीचं जाऊ दे छापायला."

"म्हणजे आवडलं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. "दोनदा वाचलं, बबडे. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल नव्हती."

याहून मोठी शाबासकी त्यांनी आजवर कुणाला दिल्याचं तिला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पण ती त्यांचीच लेक, अडली तर अडलीच.

"मग हे पान राहणार. ज्यांच्या ओळीवर माझं सगळं पुस्तक उभं आहे, त्यांचे आभारही मानायचे नाहीत? ज्याचं श्रेय त्याला द्यावं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

बाबा नाक चोळू लागले. मग उठून त्यांनी कपाट उघडलं, जुन्या स्वेटरांच्या तळातून एक तपकिरी पाकीट काढलं, तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आत हाताने लिहिलेला एकच कागद होता, कडेने पिवळा पडलेला. लेखकाचं ते तिरकं अक्षर तिने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कितीदा पाहिलं होतं. नायक गाव सोडतो तेच पान. मधोमध शाईचा मोठा डाग होता. त्याखाली बरोबर एक ओळ बुडाली होती, काही केल्या वाचता येत नव्हती.

शेजारी समासात पेन्सिलने एक वाक्य लिहून खोडलं होतं. खाली दुसरं, तेही खोडलेलं. मग तिसरं. चौथं तसंच ठेवलं होतं. समोरच्या खिडकीत केस विंचरणारी एक मुलगी स्वतःशीच हसली.

अक्षर गोल होतं, टपोरं.

"दौत माझ्याच हातून सांडली," बाबा भिंतीला म्हणाले. "विचारायला लेखक राहिले नव्हते."

लेकीने मान वर केली. दारात आई उभी होती, हातात तोच ओला रुमाल घेऊन.

"आणि त्यातही चूक आहे," आई म्हणाली. "मी काही स्वतःशी हसत नव्हते. ह्यांच्या नाकाला शाई लागली होती."