उलटा ठसा

टांकसाळीच्या मशीनमधून तिने कोरलेल्या ठशाचं पहिलं नाणं टपकन पडलं, तिने ते चिमट्याने उचललं आणि भिंगाखाली धरलं.

बॅट भलत्याच बाजूला होती!

म्हणजे बघा, ज्यांच्या सन्मानासाठी हे नाणं, ते जगजाहीर डावखुरे. आधी क्रिकेटचं मैदान गाजवलं, मग तीस वर्षं रेडिओवर कॉमेंट्री. आणि नाण्यावर चक्क उजव्या हाताने खेळत होते. ठशात उलटं कोरायचं, म्हणजे नाण्यावर सुलटं उमटतं, हे टांकसाळीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक. तिने अक्षरं कोरली ना उलटी, अगदी बिनचूक! पण फोटोतला तो स्टान्स कोरताना अशी काही तंद्री लागली, की दिसला तसाच कोरून बसली. आयुष्यातला पहिला स्वतःचा ठसा! आणि ते स्वतः दारात उभे, पहिलं नाणं बघायला.

"झालं! उद्यापासून परत ठसे पॉलिश करायला बस," तिचे साहेब दातओठ खात पुटपुटले. "आता ते नाणं लपव तरी!"

लपवणार कुठे? दारातल्या पाहुण्यांनी आत येऊन हात पुढे केलाच होता.

"दाखवा की. इतका वाईट दिसतोय का मी?"

तोच आवाज! रेडिओवरचा! तिने नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"सर, चुकलं माझं. तुम्हाला उजवं केलं मी."

त्यांनी चष्मा वर सरकवला. नाण्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"हा मी नाहीच," ते म्हणाले. "हा माझा दादा."

"काय?"

"तो उजवा. लहानपणी समोर उभा राहून शिकवायचा. मी आरशात बघितल्यासारखी नक्कल करत गेलो, म्हणून तर डावखुरा झालो. हा खांदा, ही वाकलेली मान, सगळी त्याचीच. त्याचा खेळतानाचा एकही फोटो नाही गं आमच्याकडे."

साहेब घाईघाईने पुढे आले. "सर, दोन दिवसांत नवीन ठसा..."

"या ठशाला हात तर लावून बघा!" ते गरजले. मग तिच्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "तू फक्त जरा खोल कोर, पोरी. चांगला उठाव येऊ दे. डोळे गेल्यापासून दादाला बोटांनी बघावं लागतं. मॅच तर मी त्याला तीस वर्षं सांगतोच आहे."