दोन काठांचा एकच आकडा

"एक बोटभर कमी सांगा, भाऊजी. तेवढ्याने कुणाचं शेत बुडत नाही," वहिनी म्हणाली. "आकडा जुळला नाही की यंत्र जाईल परत, तुमची नोकरी शाबूत. चाळिशीला आलात. नोकरी गेल्यावर मुलगी कोण देणार तुम्हाला?"

"ते माझं मी बघतो," म्हणत मोजणीदाराने चष्मा पुसला आणि तो डोंगर चढू लागला.

वर डोंगराच्या कडेने खोदलेला पाट होता. वरच्या राज्याचं पाणी तो खालच्या राज्याला नेई. दोन्ही राज्यांचा करार म्हणजे महाकडक! दोघांचा एकेक मोजणीदार, समोरासमोरच्या काठांवर. रोज सकाळी दोघांनी पाटातल्या पट्टीवर पाणी किती बोटं आहे ते वाचायचं, चिठ्ठीवर लिहायचं. दोघांत नातं नको, ओळख नको, आकड्याव्यतिरिक्त चकार शब्द नको. संगनमत दिसलं की पाट बंद.

अकरा वर्षं या काठावर तो होता आणि त्या काठावर ती. बाई मोठी खमकी. अर्ध्या बोटासाठी ऐन थंडीत त्याला तीन-तीनदा पाण्यात उतरवायची.

गेल्या आठवड्यात पट्टीशेजारी यंत्र बसलं. सात दिवस तिन्ही आकडे जुळले, की दोघांनाही घरी बसवणार होते. सहा दिवस जुळले होते, आज सातवा.

"दोन्ही राज्यांतून अर्ज आले, माणसं काढा, यंत्र बसवा म्हणून," तपासणीला आलेले साहेब म्हणाले. "दोन्ही निनावी. कोण तुमच्या मुळावर उठलंय, देव जाणे!"

मोजणीदाराने वाकून पट्टी वाचली. पुन्हा वाचली. मग चिठ्ठीवर आकडा लिहिला. पलीकडे तीही बराच वेळ वाकून होती.

साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. एकेचाळीस. एकेचाळीस. यंत्रही एकेचाळीस.

"धन्य आहात! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात," साहेब हळहळले. दोघांच्या सह्या घेऊन ते जीपकडे वळले. "चला, आजपासून तुम्ही मोकळे."

जीप वळणाआड गेली. मग मोजणीदार फळीवरून पाट ओलांडून, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, पलीकडे गेला.

"बाई, रागावू नका. आमच्या बाजूचा अर्ज माझाच होता. तुमच्याशी बोलायचं होतं हो... तुमची हरकत नसेल तर जन्मभर."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि ती खुदकन हसली.

"मग आमच्या बाजूचा काय वाऱ्याने उडत गेला?"